शाळा, वाचनालय आणि आपला मराठवाडा

मराठवाड्याबद्दल कुणी लिहायला बसलं की पहिल्या ओळीत संतांची भूमी येते आणि दुसऱ्या ओळीत दुष्काळ. पैठणचे नाथ, नर्सीचे नामदेव, आपेगावचे ज्ञानेश्वर, गंगाखेडची जनाबाई, जांबचे समर्थ, तेरचे गोरोबाकाका... यादी खरी आहे आणि मलाही तिचा अभिमान आहे. पण संतांपासून एकदम दुष्काळापर्यंत उडी मारली की मधली माणसं गळून जातात. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी इथे चार लोकांनी एकत्र येऊन काही करायची सवय कशी लावली, कुठे बसून लावली, हे आमच्या घरातल्या मुलांनाही ठाऊक नाही. म्हणून आज थोडं त्याबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुण्या-मुंबईकडे सार्वजनिक जीवन सभांमधून, मंडळांमधून, उत्सवांमधून वाढलं. आपल्याकडे ते शाळेच्या वर्गात आणि वाचनालयाच्या बाकावर वाढलं. कारण बाकी सगळी दारं बंद होती. त्यामुळे त्याचे गुण शाळेचे आहेत आणि उणिवाही शाळेच्याच आहेत.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा नांदत होत्या. मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा, तेलुगू निम्म्याच्या जवळपास. उर्दू ही शंभरातल्या दहा-बारा माणसांची मातृभाषा, पण कचेरी, कोर्ट आणि वरचं शिक्षण सगळं उर्दूत. प्राथमिक वर्गांच्या पुढे सरकारी शाळेत गेलं की गणितही उर्दूत आणि भूगोलही उर्दूत. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं देशातलं पहिलं मोठं विद्यापीठ, त्याचं कौतुक करायलाच हवं. फक्त ती देशी भाषा इथल्या बहुसंख्यांच्या घरात बोलली जात नव्हती. १९३१ च्या सुमारास संस्थानात शंभरातल्या पाचेक माणसांनाच लिहिता-वाचता येत होतं, ते उगाच नाही.

आमचे अण्णा तहसिलीत कारकून होते. घरात अस्सल मराठी, देवघरात नाथांची आरती, पण महिन्याचा हिशोब मात्र शेवटपर्यंत उर्दूत लिहीत. किराण्याची यादी उजवीकडून डावीकडे! आम्हा भावंडांना त्याची गंमत वाटायची. एका भाषेत जेवायचं आणि दुसरीत नोकरी करायची, हा त्या पिढीचा रोजचा संसार होता, हे मोठेपणी कळलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, नाहीतर गैरसमज व्हायचा. उर्दू ही काही या गावावर बाहेरून येऊन पडलेली भाषा नव्हे. उर्दू कवितेचा आद्य कवी मानला जाणारा वली आणि त्याच्यानंतरचा सिराज हे दोघेही याच शहराचे. उर्दूचे भीष्माचार्य मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार कितीतरी वर्षं औरंगाबादेतून चालवला. इथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे ते प्रमुखही होते. भाषा सुंदरच होती. तक्रार एवढीच, की तिच्या शेजारी आपल्या भाषेला बसायला पाट नव्हता.

आणि नुसता भाषेचाच प्रश्न नव्हता. १९२९ साली सरकारने 'गश्ती निशाण ५३' नावाचं परिपत्रक काढलं. आमच्या आधीच्या पिढीला हा आकडा तोंडपाठ असायचा. सभा घ्यायची तर आधी परवानगी मागा. खाजगी शाळा काढायची तरी परवानगी मागा. राजकीय पक्ष ही तर लांबचीच गोष्ट.

अशा वेळी माणसं काय करतात? जे करायला मनाई नाही ते करतात.

मनाई नव्हती कीर्तनाला, आणि (बऱ्याच कटकटीनंतर का होईना) शाळेला आणि वाचनालयाला. म्हणून पहिली चळवळ तिथे झाली. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू मंडळींनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढलं. म्हणजे आजाराने दोन्ही भाषांना एकदमच गाठलं होतं आणि दोघांनीही औषध एकच शोधलं. हैदराबादच्या सुलतान बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. सुलतान बाजारातच का? तर तो भाग १९३३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत होता. निजामाचे कायदे तिथे थेट लागू होत नसत. संस्थानाच्या ऐन राजधानीत मोकळा श्वास घ्यायला इंग्रजाची चार गल्ल्यांची हद्द शोधावी लागली, याला काय म्हणावं!

शाळांचंही तसंच. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय १९०७ चं, हैदराबादची विवेकवर्धिनी त्याच सुमाराची. आपल्या गावची सरस्वती भुवन १९१५ ची, अंबाजोगाईची योगेश्वरी १९१७ ची. १९२१ साली तर हिप्परग्यासारख्या आडगावात (आजचा धाराशिव जिल्हा) राष्ट्रीय शाळा निघाली. तालुक्याच्या गावालाही धड रस्ता नव्हता त्या काळात! शाळा काढली म्हणजे इमारत बांधली असं समजू नका. कुणाचा तरी वाडा, कुणाची तरी ओसरी, शिक्षकांचा पगार कधी मिळायचा, कधी धान्यावर भागायचं. वर्गणी मागायला मास्तर स्वतः सुगीच्या दिवसांत गावोगाव फिरायचे.

आता गंमत पाहा. या हिप्परग्याच्या शाळेत १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. तेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. बाबासाहेब परांजपे तिथलेच शिक्षक. पुढे दोघेही अंबाजोगाईच्या शाळेत आले. गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याहून गणित शिकून आले आणि औरंगाबादेत शिक्षक झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या पुढाऱ्यांची यादी काढली तर ती एखाद्या शाळेच्या स्टाफरूमसारखी दिसते. काही वकील आहेत, संपादक आहेत, पण मास्तरांचा भरणा मोठा. इतर प्रांतांत बॅरिस्टरांनी केलं ते आपल्याकडे हेडमास्तरांनी केलं.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. गोविंदराव नानल अध्यक्ष. मागण्या काय होत्या? मातृभाषेतून शिक्षण द्या, शाळा काढा, सभाबंदी उठवा, रयतेच्या अडचणी ऐका. आज वाचताना वाटतं, एवढंसं मागायला अधिवेशन भरवावं लागलं! पण गोदावरी खोऱ्यातल्या त्या छोट्या रेल्वेने गावोगावची माणसं परतूरला उतरली आणि आपण एकटे नाही हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसलं. मला वाटतं, अधिवेशनातल्या ठरावांपेक्षा हे दिसणं मोठं होतं.

पुढच्याच वर्षी ठिणगी पडली. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. मनाई झाली, मुलांनी संप केला. लोण हैदराबादला उस्मानियात पोचलं. शेकडो मुलांची नावं पटावरून कमी झाली. त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं. तेलंगणातून असे नागपूरला गेलेले एक विद्यार्थी पुढे देशाचे पंतप्रधान झाले, ते पी. व्ही. नरसिंह राव. म्हणजे मराठवाड्याची पहिली मोठी राजकीय लढाईसुद्धा वसतिगृहात, प्रार्थनेच्या वेळेवरून झाली. शाळा इथे कशी सगळ्याच्या मुळाशी आहे, ते लक्षात येईल.

वर्तमानपत्राचीही तीच कथा. आ. कृ. वाघमारे यांचं 'मराठवाडा' पत्र संस्थानाबाहेरून, पुण्याहून निघायचं. बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघायचं. पुढे अनंतराव भालेराव यांनी ते औरंगाबादेत आणून नावारूपाला आणलं. १९६८ साली ते दैनिक झालं. आमच्या पिढीने राजकारणाची बाराखडी त्याच्या अग्रलेखांवर गिरवली. ते दैनिकही आता बंद पडून बरीच वर्षं झाली.

आणि साहित्य? परभणीला बांधकाम खात्यात एक कारकून होते, भगवान रघुनाथ कुलकर्णी. दिवसभर निजामाच्या कचेरीत फायली, आणि उरलेल्या वेळात मराठी कविता, कथा, कादंबऱ्या. तेच बी. रघुनाथ. १९१३ चा जन्म, १९५३ ला गेले, जेमतेम चाळिशी. मराठवाड्यातली माणसं आणि त्यांचं दबलेपण मराठी कादंबरीत आलं ते त्यांच्या हातून. परभणीकर आजही त्यांच्या नावाने कार्यक्रम करतात. मला त्यांचा विचार आला की अण्णांची हिशोबाची वही आठवते. तीच कचेरी, तसाच टाक.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. शाळांमध्ये मराठी आली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. अभिमानाची गोष्ट आहे, दरवर्षी आपण झेंडावंदन करतो. पण त्या सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार जितके खरे, तितक्याच याही. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवलं आहे. शाळेत शिकवताना आम्हाला पहिला भाग शिकवायला सांगितला जाई, दुसरा पुस्तकातच नसे. इतिहासाच्या शिक्षकाने दोन्ही सांगावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इथपर्यंतची गोष्ट उमेदीची आहे. आता अवघड भाग.

ज्या शाळांचं आणि वाचनालयांचं मी इतकं गुणगान केलं, त्यांच्या पटावर कोण होतं? दार सर्वांना उघडं होतं असं आपण म्हणतो. पण उघडं दार आणि आत यायचं धाडस यांच्यात गावातल्या वेशीएवढं अंतर असतं. महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं मूल त्या ओसरीवर क्वचितच चढलं. मुलीही फार थोड्या. माझी आई नाथांचे अभंग पाठ म्हणायची, पण सही करायला शिकली ती मी चौथीत असताना, माझ्याच पाटीवर. मास्तरांनी उभारलेलं सार्वजनिक जीवन प्रामाणिक होतं, पण ते साक्षरांचं होतं, आणि साक्षर कोण हे जातीने आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

हे ओळखून दुसरी वेस उघडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच आपलं मिलिंद, आणि तो परिसर नागसेनवन. तोवर पदवी घ्यायची तर हैदराबाद, नागपूर किंवा पुणं गाठावं लागे. मुंबई सोडून बाबासाहेबांनी इथे का यावं? मला त्याचं उत्तर साधं वाटतं. जिथे शाळा सगळ्यात कमी, तिथे ती सगळ्यात जास्त हवी. त्याच वर्षी स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. दोन्ही रोपं एकाच पावसाळ्यातली.

मिलिंदमधून काय उगवलं पाहा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, मिलिंदच्या मुलांनी ते उभं केलं. दलित रंगभूमीच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळ जण तिथून धरतात. गंगाधर पानतावणे सरांनी १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे नियतकालिक सुरू केलं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं ते धरून ठेवलं. ज्या मुलाच्या आजोबाने कधी वहीला हात लावला नव्हता, त्याची कविता तिथे छापून येऊ लागली. २०१८ साली सरांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. इकडे नांदेडला दत्ता भगत यांनी 'वाटा पळवाटा' लिहिलं. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आला. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' याच गावात वाढली आणि मग मुंबईला गेली. (आपल्याकडचं सगळं चांगलं शेवटी मुंबईला जातं, हा आमच्या स्टाफरूममधला कायमचा विनोद.)

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. मी बी.ए. झाले ती याच विद्यापीठातून, मराठी माध्यमातून, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. आमच्या खेड्यातून पदवीपर्यंत पोचलेली मी दुसरी मुलगी. १९७४ च्या विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले. नोकऱ्या द्या, रेल्वे रुंद करा, अनुशेष भरा. गोविंदभाई पुन्हा पुढे होते. उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ ला आलं, रेल्वेही पुढे रुंद झाली. मास्तरांचं राजकारण अजून चालत होतं.

आणि मग १९७८.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांमध्ये दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. पोचीराम कांबळे आणि जनार्दन मवाडे ही त्यातली दोन नावं. नामांतराला विरोध करणाऱ्यांमध्ये गोविंदभाई होते, अनंतराव होते. मराठवाडा हे नाव आम्ही लढून मिळवलं आहे, ते पुसलं जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी जाळपोळीला कधी हात दिला नाही, हेही खरं. दुसऱ्या बाजूला एस. एम. जोशींसारखे समाजवादी नामांतरासाठी उभे राहिले. ज्यांना आम्ही गुरुस्थानी मानत होतो, ती माणसं दोन तीरांवर गेली.

मी तेव्हा गोदाकाठच्या एका खेड्यातल्या शाळेत होते. ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी हजेरी घेताना सातवीच्या वर्गात सात नावांना उत्तर आलं नाही. सातही एकाच वस्तीतली. बाकीची मुलं खाली मान घालून बसलेली. कुणी सांगितलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. दोन-तीन आठवड्यांनी पाच मुलं परत आली. दोन मुली आल्याच नाहीत. त्या दोघींची नावं मी इथे लिहीत नाही, पण पटावरचे त्यांचे क्रमांक मला आजही आठवतात.

स्वातंत्र्यापूर्वी मराठी माणसाला आपली भाषा शाळेच्या दारावर हवी होती. ती एका पिढीची अस्मिता होती. १९७८ साली दुसऱ्या एका माणसाला आपल्या उद्धारकर्त्याचं नाव विद्यापीठाच्या दारावर हवं होतं. दोन्ही मागण्या मुळात एकच होत्या, की ज्या दारातून आम्ही आत आलो त्या दारावर आमचीही खूण असू द्या. पहिली मागणी करणाऱ्यांना दुसरी का ऐकू आली नाही, हा प्रश्न मला अजून छळतो. त्यांची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. वर्गातला मास्तर बरेचदा असाच असतो. वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलाचं त्याला वाईट वाटतं, पण खिडकीतून तो दिसत नाही. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं एका कमानीवर आली. सोळा वर्षं लागली, आणि मधे जे गेलं ते भरून आलं नाही.

तरीही शाळा आणि वाचनालय यांच्यावरचा माझा विश्वास उडालेला नाही. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेतले एक शिक्षक, नरहर कुरुंदकर, परीक्षांमध्ये पुन्हा पुन्हा नापास झालेले, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि अवघ्या महाराष्ट्राने त्यांचं ऐकलं. १० फेब्रुवारी १९८२ ला आपल्याच शहरात, कार्यक्रमाच्या व्यासपीठावर त्यांनी देह ठेवला. मतं पटोत न पटोत, विरुद्ध बाजू आधी नीट मांडायची आणि मग खोडायची, हे त्यांनी शिकवलं. सार्वजनिक जीवन म्हणजे शेवटी दुसरं काय असतं?

आज आपल्या शहरात फिरलं तर गल्लोगल्ली 'अभ्यासिका' अशी पाटी दिसते. वाचनालयांनीही त्याच काढल्या आहेत. खेड्यातून आलेली मुलंमुली, सगळ्या जातीधर्मांची, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन शेजारी शेजारी बसतात. ज्या बाकावर त्यांचे आजोबा कधी बसू शकले नसते त्या बाकावर बसतात. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती होताना पाहायला मी आहे याचा आनंद आहे. पण तिथे एक नियम सगळीकडे लिहिलेला असतो, 'कृपया बोलू नये'. जुन्या वाचनालयात वर्तमानपत्राचं टेबल असायचं, आणि त्या टेबलावर भांडणं व्हायची. ती भांडणं म्हणजेच तर सगळी चळवळ होती.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. तुमच्या गावात वाचनालय असेल, 'क' वर्गाचं का 'ड' वर्गाचं का असेना, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ बोलायला ठेवा. चहाचा खर्च आम्हा पेन्शनरांपैकी कुणीही आनंदाने देईल. आणि बसायला आलेल्यांची एकदा हजेरी घ्या. कोण आलं हे तर दिसेलच. गावातलं कोण आलं नाही, ते आधी पाहा.